शेतातला फ्यूज तपासायचा तो काढून, टेस्टर लावून नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परतीचा पाऊस थांबून रानात वाफसा आला की आपल्या दैनिकाच्या कृषी पुरवणीत, आणि इतरत्रही, रब्बीपूर्व यंत्रतयारीचे लेख येऊ लागतात. हे लेख उपयोगाचे असतात. इंजिनाचे ऑइल कधी बदलावे, रोटाव्हेटरची पाती किती झिजली म्हणजे काढावीत, फवारणी पंपाचा नोझल कशाने साफ करावा, हे त्यांत नेमकेपणाने सांगितलेले असते. मात्र विजेच्या भागापाशी येताच लेखणी आखडते आणि फ्यूज व वायरिंग तपासून घ्यावे, एवढ्यावर विषय मिटतो. फ्यूज तपासायचा म्हणजे काय करायचे, कोणत्या साधनाने करायचे आणि तो उडालेला आढळल्यास पुढे काय, हे कोणी सांगत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री आणि तारतंत्री या व्यवसायांच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्या आधारावर या एका वाक्याचा विस्तार करावा, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

आमच्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात फ्यूज तपासणे याचा अर्थ, स्टार्टरशेजारच्या मेन स्विचचे झाकण उघडून प्रत्येक कटाऊटच्या (फ्यूज बसतो त्या चिनी मातीच्या ठोकळ्याच्या) वरच्या आणि खालच्या टोकाला टेस्टर टेकवणे, असा सार्वत्रिक समज आहे. दोन्हीकडे टेस्टरचा दिवा पेटला की फ्यूज शाबूत. घरातल्या एका फेजच्या साध्या सर्किटवर हा समज बहुतेक वेळा निभावून जातो. तीन फेजच्या शेतीपंपावर तो दगा देतो, आणि जळालेल्या मोटारीचा माग काढत मागे गेले तर हाच धागा मला पुनःपुन्हा हाती लागलेला आहे.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आजच्या स्टार्टरच्या पेटीत एकटा स्टार्टर नसतो. व्होल्टमीटर असतो, तीन रंगांचे इंडिकेटर असतात, एखादा फेज गेल्यास मोटार बंद करण्यासाठीचा सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो, अनेक ठिकाणी वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विचही असतो. यांतली बहुतेक उपकरणे दोन फेजांच्या मध्ये जोडलेली असतात. तीन फेजांना आर, वाय आणि बी म्हणतात. समजा, त्यांतल्या आर फेजचा फ्यूज उडाला. त्याच्या वरच्या टोकाला लाइनचा फेज आहेच. पण खालच्या टोकालाही वाय किंवा बी फेज या उपकरणांच्या मार्गाने उलट फिरून येऊन पोहोचतो. टेस्टरमधल्या निऑनला पेटायला अत्यल्प प्रवाह पुरतो, त्यामुळे तो तिथे बिनदिक्कत पेटतो. मोटार दोन फेजांवर फिरत असेल तर गोष्ट आणखी फसवी होते, कारण फिरणारी मोटार आपल्या वाइंडिंगमधून (आतल्या तारेच्या वेटोळ्यांतून) तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि ते खऱ्या व्होल्टेजच्या बरेच जवळ असते. तपासणारा समाधानाने झाकण लावतो. मोटार मात्र दोन फेजांवर कण्हत राहते.

अशा स्थितीत तेवढाच भार ओढायचा म्हणजे उरलेल्या दोन फेजांतून सुमारे १.७३ पट प्रवाह जातो. पाच एचपीच्या मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह ७ ते ७.५ अँपियर असतो. शेतकऱ्यांमध्ये रुळलेला ‘एचपीला दीड अँपियर’ हा हिशेब इथे बरोबर बसतो. तो प्रवाह १३ अँपियरपर्यंत चढतो. मोटार सुरू होतानाचा सहा-सात पट झटका सोसता यावा म्हणून फ्यूज मुळातच १५ ते २० अँपियरचा घातलेला असतो, त्यामुळे या १३ अँपियरने उरलेले दोन फ्यूज उडत नाहीत. उडू नयेत, हीच त्यांची रचना आहे. फ्यूज हा शॉर्ट सर्किटपासून वायरिंग वाचवण्यासाठी असतो. मोटारीवरचा जादा भार ओळखून तिला बंद करण्याचे काम ओव्हरलोड रिलेचे आहे, आणि हा रिले आमच्याकडे बहुधा शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला किंवा ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून वायरीने वळसा घालून बाद केलेला आढळतो. मग वाइंडिंगचे वार्निश करपायला फार वेळ लागत नाही.

तेव्हा फ्यूज तपासायचा तो काढूनच. याची रीत अवघड नाही, पण क्रम मोडता कामा नये. आधी स्टार्टर बंद करावा, मग मेन स्विच पाडावा. लोखंडी पेटीच्या मेन स्विचमध्ये दांडा खाली केल्यावर आतले फ्यूज साधारणतः मृत होतात, परंतु वरून येणाऱ्या वायरींची टोके जिवंतच राहतात, ही गोष्ट झाकण उघडणाऱ्याने क्षणभरही विसरू नये. टेस्टरचे खरे काम इथे आहे. प्रथम तो ठाऊक असलेल्या चालू जागी लावून पेटतो की नाही ते पाहावे, मग ज्या टोकाला हात लावायचा तिथे लावावा, आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून तो मध्येच निकामी झाला नाही याची खात्री करावी. पायात कोरडी चप्पल हवी, पायाखाली कोरडी फळी असेल तर आणखी बरे, आणि विहिरीवरून ओल्या हाताने आलेल्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. एवढे झाल्यावर फ्यूजची तार धरून ठेवणारा चिनी मातीचा कॅरिअर सरळ ओढून बाहेर काढावा.

बाहेर काढलेला कॅरिअर प्रथम डोळ्यांनी वाचावा. तार मध्यभागी तुटून दोन्ही टोकांना बारीक गोळे आले असतील तर ती जादा प्रवाहाने हळूहळू तापून वितळली, असे समजायला हरकत नाही. तार जवळजवळ नाहीशी झाली असेल, खोबणीत काळा थर आणि तांब्याचे शिंतोडे दिसत असतील, तर शॉर्ट सर्किट झाले आहे आणि त्याचा शोध घेतल्याशिवाय नवी तार ओढणे म्हणजे तीही जाळणे. तार स्क्रूच्या अगदी लगत तुटली असेल, तिथले पितळ निळसर-काळे पडले असेल, तर दोष बहुधा मोटारीत नाहीच. स्क्रू ढिला होता किंवा कटाऊटच्या पाकळ्यांची पकड गेली होती, आणि त्या जागेच्या उष्णतेने तार गेली. हा तिसरा प्रकार पावसाळ्यानंतर फार दिसतो. कोकणात खाऱ्या हवेने पितळावर हिरवा थर चढतो, घाटावर गांधीलमाशीचे घर आणि मुंग्यांची माती संपर्काच्या जागी शिरते, आणि पेटीला भोक असेल तर पाल आत येऊन दोन फेजांच्या मध्ये मरते. पॉलिश पेपरने टोके घासणे, पाकळ्या दाबून पकड आणणे आणि भोके बुजवणे, एवढ्या कामाने जे फ्यूज पुन्हा जाणार नाहीत, त्यांच्यासाठी आपण वायरमनच्या नावाने खडे फोडत असतो.

डोळ्यांनी पाहणे मात्र पुरेसे नाही. मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडणारा एचआरसी फ्यूज तर आतून दिसतच नाही. चिनी मातीच्या बंद नळीत क्वार्ट्झ वाळूत पुरलेली त्याची पट्टी गेली की राहिली, हे बाहेरून कळत नाही, आणि काहींवर असलेली खुणेची टिकली नेहमी भरवशाची नसते. बॅटरीवरच्या फवारणी पंपात किंवा चार्जरमध्ये असतो त्या काचेच्या फ्यूजची तार धडधाकट दिसते, पण टोपीच्या आतला डाग (सोल्डरचा जोड) सुटलेला असतो. म्हणून मल्टिमीटर लावावा. फ्यूज पूर्ण बाहेर काढून, बझरच्या खुणेवर मीटर ठेवून, आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून बझर वाजतो का ते पाहावे, मग फ्यूजच्या दोन टोकांना त्या लावाव्यात. अखंड फ्यूजचा रोध शून्याच्या जवळ असतो. फ्यूज जागेवरच ठेवून ही चाचणी केली तर प्रवाहाला मोटारीच्या वाइंडिंगमधून दुसरी वाट मिळते आणि तुटलेला फ्यूजही चांगला असल्याचे मीटर सांगू शकतो. आणखी एक सूचना जिवाशी संबंधित आहे: मीटरची लाल वायर अँपियरच्या भोकात राहिली असेल आणि त्या अवस्थेत कोणी ती दोन फेजांना लावली, तर मीटरच शॉर्ट सर्किट होतो व हातात फुटतो. आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मीटरांत यापासून वाचवणारा आतला फ्यूजही धड नसतो. ४१५ व्होल्टवर वापरायचा मीटर किमान सीएटी ३ (CAT III, मीटरची सुरक्षाश्रेणी), ६०० व्होल्ट अशी खूण असलेला असावा.

ज्यांच्याकडे मीटर आहे आणि चालू लाइनवर काम करण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांच्यासाठी आणखी एक पडताळा आहे. मोटार चालवून कटाऊटच्या खालच्या बाजूला आर-वाय, वाय-बी आणि बी-आर अशी तिन्ही व्होल्टेजे मोजावीत व ती वरच्या बाजूच्या मापांशी जुळवून पाहावीत. अखंड फ्यूजच्या वर आणि खाली फरक पडत नाही. वायर न तोडता तिच्याभोवती अडकवून प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर मिळाला तर त्याहून उत्तम. तीन वायरींचा प्रवाह एकेक करून मोजावा. तो जवळपास सारखा हवा. एका वायरीत शून्य आणि दोहोंत जादा, असे दिसले की निदान झाले. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे, हे मी मुद्दाम लिहितो, कारण असे लेख वाचून धाडस करणाऱ्यांची मला भीती वाटते.

आता तारेविषयी, कारण खरी मेख तिथे आहे. हार्डवेअरच्या दुकानात फ्यूजतार मागितली की दुकानदार रिळातून हातभर तार तोडून देतो. ती किती अँपियरची, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. कथिलाचा मुलामा दिलेली ०.५ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १५ अँपियरच्या फ्यूजला आणि ०.८५ मिलिमीटरची ३० अँपियरच्या फ्यूजला वापरतात, असा रूढ तक्ता आहे. डोळ्यांना या दोहोंतला फरक जेमतेम जाणवतो. विल्यम प्रीस यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला नियम असा की, तार वितळण्याचा प्रवाह तिच्या व्यासाच्या दीड घातांकाने वाढतो. म्हणजे व्यास दुप्पट झाला की प्रवाह दुप्पट नव्हे, जवळजवळ पावणेतीन पट होतो. त्या नियमाने अर्धा मिलिमीटरची तांब्याची तार साधारण २८ अँपियरला वितळते आणि एक मिलिमीटरची ८० अँपियरला. जुन्या केबलची दोन-तीन पाती पिळून घातली की आपण कुठे जाऊन पोहोचतो, याचा अंदाज यावरून यावा. पाच एचपीची मोटार गाळाने अडकून जागच्या जागी थांबली, तर ती ४५ अँपियरच्या आसपास प्रवाह ओढते. १५ अँपियरचा फ्यूज अशा वेळी थोड्या वेळात जातो. ८० अँपियरची तार कोमट होऊन तशीच राहते, आणि जळण्याची पाळी वाइंडिंगवर किंवा बोअरमध्ये सोडलेल्या केबलवर येते.

या सवयीबद्दल शेतकऱ्याला बोल लावणे सोपे आहे. मला ते अर्धेच न्याय्य वाटते. थ्री फेजचा पुरवठा दिवसाकाठी आठ तासांचा, तोही अनेक ठिकाणी आठवड्याआड रात्रीचा. त्यात व्होल्टेज पडलेले. ४१५ ऐवजी ३५० व्होल्ट मिळाले की तेवढ्याच कामासाठी मोटार सुमारे १८ टक्के जादा प्रवाह घेते, आणि अगदी योग्य मापाची तारसुद्धा काठावर येऊन उभी राहते. रात्री दोनला पाणी धरायला गेलेल्या माणसाला दोनदा फ्यूज बांधावा लागला, तर तिसऱ्यांदा तो जाड तार घालणारच. त्याला उपदेशापेक्षा चांगले व्होल्टेज हवे आहे. परंतु ते मिळेपर्यंत जाड तार घातल्याने पाणी मिळते ते थोडे दिवस, आणि पुढे रिवाइंडिंगचे बिल व भिजवणीचा खोळंबा दोन्ही पदरात येतात, हेही तितकेच खरे.

म्हणून उडालेल्या फ्यूजला एक संधी द्यावी, दोन नव्हे, असा नियम मी विद्यार्थ्यांना घालून देत असे. पहिल्यांदा गेला तर संपर्काच्या जागा साफ करून, त्याच मापाची नवी तार ओढून, मोटार चालू करून पाहावी. एचआरसी असेल तर एक गेल्यावर तिन्ही बदलावेत, कारण उरलेल्या दोघांनीही तोच झटका सोसलेला असतो. लगेच दुसऱ्यांदा गेला तर तार हातात घेऊच नये. केबल स्टार्टरपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) मोटार व केबलचे इन्सुलेशन मोजून घ्यावे. ते किमान एक मेगओहम तरी हवे. पाणबुडी मोटारीत बहुधा केबलच्या सांध्याला पाणी लागलेले सापडते. उघड्यावरच्या मोटारीत टर्मिनल बॉक्सच्या झाकणाचे रबर गेलेले असते. कडबाकुट्टी आणि मळणीयंत्राच्या मोटारींचा दोष तर वायरीतच अधिक, कारण त्या इकडून तिकडे हलवताना वायर दगडाखाली आणि बैलगाडीच्या चाकाखाली येते.

ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि सेल्फ स्टार्ट असलेल्या छोट्या यंत्रांची तऱ्हा वेगळी आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या दोरी ओढून सुरू करायच्या साध्या ब्रशकटरला सहसा फ्यूजच नसतो, तेव्हा तिथे शोधत बसू नये. बॅटरी असलेल्या यंत्रांत मात्र १२ व्होल्टचे चपट्या पात्यांचे रंगीत फ्यूज असतात आणि त्यांचे रंग जगभर ठरलेले आहेत: तपकिरी साडेसात अँपियर, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा पारदर्शक २५ आणि हिरवा ३०. निरक्षर माणसालाही योग्य फ्यूज ओळखता यावा, इतकी ही चांगली सोय आहे. त्यांच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. चावी चालू करून १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प एकेका ठिपक्याला लावला आणि दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालेला. इथे एकच सोर्स आणि एकच भार असल्याने ही चाचणी बहुतेक वेळा चालते. शंका वाटलीच तर फ्यूज काढून बझर लावावा. सेल्फ मारल्यावर काहीच आवाज येत नसेल तर बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी, क्लचचा सेफ्टी स्विच आणि चावीच्या लाइनचा फ्यूज या तिन्ही जागा पाहिल्याशिवाय सेल्फ मोटार सोडवायला देऊ नये. मिस्त्री सोडवून देतील आणि पैसेही घेतील.

या विषयात मला सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांची आहे. हंगाम सुरू झाला की ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर चासीवर घासून सोलते, ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटपाशी चिखलाने शॉर्ट होते, आणि मागच्या दिव्यांचा फ्यूज जातो. तो पुन्हा घातला की पुन्हा जातो. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा तांब्याचे पाते अडकवणे. असे केलेला एक फ्यूजबॉक्स मी जवळून पाहिला आहे: दहा अँपियरच्या लाल फ्यूजचे प्लॅस्टिक वितळून खालच्या खाचेत उतरले होते, शेजारच्या तीन वायरींची आवरणे एकमेकींना चिकटली होती, आणि चालकाच्या गुडघ्यापासून हे सारे वीतभर अंतरावर होते. दुसरा उपाय म्हणजे ती लाइनच सोडून देणे. त्याचा परिणाम आपल्या वार्ताहरांना ठाऊक आहे; रात्री विनादिव्याच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळल्याच्या बातम्या दर हंगामात आपणच छापता. ट्रॉलीची वायर नळीत घालून चासीला क्लिपने बांधणे आणि दहा अँपियरचा फ्यूज दहाचाच ठेवणे, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी कारखान्यांनी वाहतूकदारांशी करार करतानाच ट्रॉलीचे मागचे दिवे आणि त्यांचा फ्यूज दाखवायला लावला, तर रिफ्लेक्टर चिकटवण्याच्या मोहिमेइतकाच त्याचा उपयोग होईल.

सौर पंपांविषयी स्वतंत्र इशारा द्यायला हवा. केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून हे पंप आता गावोगाव बसले आहेत आणि त्यांच्या कंट्रोलरकडेही लोक जुन्याच नजरेने पाहू लागले आहेत. पॅनेलकडून येणारी वीज डीसी असते. आपल्या नेहमीच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे फ्यूज तुटताना पेटलेली ठिणगी आपोआप विझायला वाव मिळतो. डीसीत तो शून्यावर येत नाही, आणि शेकडो व्होल्टची ठिणगी लांबत जाऊन आग धरते. म्हणून या ठिकाणी एसीचा फ्यूज चालत नाही, तार बांधणे तर मुळीच चालत नाही, आणि पंप चालू असताना फ्यूजहोल्डर ओढून उघडणे हा हात भाजून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. सूर्य आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही, ढगाळ दिवशीसुद्धा. या पंपांना पुरवठादाराची पाच वर्षांची देखभालीची हमी असते. तोवर कंट्रोलरचे सील न तोडता तक्रार नोंदवावी.

राहता राहिली डीपी, म्हणजे शिवारातले रोहित्र आणि त्याची फ्यूजपेटी. तिथला फ्यूज शेतकऱ्याचा नाही, त्याने तो तपासायचा नाही आणि बांधायचा तर नाहीच. कोरड्या काठीने डीओ (रोहित्राच्या वरच्या बाजूचे फ्यूज) पाडून, पेटीत वाकून तार गुंडाळणारी मंडळी प्रत्येक शिवारात आहेत आणि गाव त्यांना हुशार समजते. वरचा भाग अकरा हजार व्होल्टचा आहे, काठी कोरडी आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, आणि कोणाच्या तरी जनरेटरमधून किंवा शेजारच्या लाइनवरून उलटा पुरवठा आला तर बंद वाटणारी डीपीही जिवंत असते. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि जनमित्र (महावितरणचा लाइनमन) येईपर्यंत थांबावे. थांबायला सांगणे सोपे आहे, याची मला कल्पना आहे. एकेका जनमित्राकडे किती गावे सोपवलेली आहेत हे महावितरणने पाहायला हवे. पण डीपीचे फ्यूज सतत का जातात, याचे एक उत्तर आपल्याच पेट्यांत आहे. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्राचा खालच्या बाजूचा पूर्ण प्रवाह सुमारे १३३ अँपियर. त्यावर पाच एचपीच्या वीस मोटारी असतील तर चालू अवस्थेतच हिशेब १५० अँपियरपर्यंत जातो. त्या साऱ्यांना ऑटो स्विच असले आणि वीज आल्याबरोबर त्या एकदम उठल्या, तर काही क्षण ९०० अँपियरची मागणी येते. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगते आहे ते यासाठीच. या एका बाबतीत तरी कंपनीचे म्हणणे सोळा आणे खरे आहे.

माझ्या मागण्या मर्यादित आहेत. स्टार्टर विकणाऱ्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला, मराठीत, त्या एचपीला किती अँपियरचा फ्यूज आणि किती जाडीची तार, एवढा तक्ता चिकटवून द्यावा. आज तिथे असते ते इंग्रजी आकृतीचे पुसट झेरॉक्स. दुकानदारांनी फ्यूजतार सुट्या रिळातून न विकता अँपियर छापलेल्या कार्डावर गुंडाळलेली विकावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वीजतंत्री आणि तारतंत्री व्यवसायांच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ऑक्टोबरात, निदेशकांच्या देखरेखीखाली, आसपासच्या एखाद्या गावातले स्टार्टर तपासायला न्यावे. मुलांना खरे काम मिळेल आणि गावाला खरे निदान. आपण कृषी पुरवणीत ३, ५ आणि ७.५ एचपीच्या मोटारींसाठी पूर्ण भाराचा प्रवाह, फ्यूज आणि ओव्हरलोड रिलेचा आकडा असा चौकोनी तक्ता, कापून पेटीत लावता येईल अशा आकारात छापलात, तर त्यातले आकडे तपासून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन. गव्हाच्या पहिल्या पाण्याआधी तो प्रसिद्ध व्हावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री),
जि. सांगली